सिस्टर, तुम्ही मला कामाला लावलंत

प्रिय सिस्टर,

वॉर्डात सगळे तुम्हाला सिस्टरच म्हणायचे, म्हणून इथेही नाव लिहीत नाही.

माझ्या लेकीला फॅलोटची टेट्रालॉजी. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमध्ये भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, रडली की ओठ निळे. तान्ही असताना शंट, म्हणजे फुप्फुसाकडे जास्त रक्त नेणारी छोटी जोडनळी, टाकला होता, तीन वर्षांची झाल्यावर मोठं ऑपरेशन झालं. खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झाला, त्यामुळे पैशाचं रडगाणं नाही. ऑपरेशन नीट झालं म्हणून घरी फोनही करून झाले. मग ती खायला लागली आणि छातीतल्या नळीतून येणारं पाणी दुधासारखं पांढरं झालं.

कायलोथोरॅक्स! राउंडला आलेले सगळे हा शब्द म्हणून पुढे गेले. पलंगाजवळ थांबून तो समजावून सांगितलात तुम्ही. जेवणातली चरबी वाहून नेणारी एक बारीक नळी छातीतून वर जाते, तिथून गळतंय. म्हणून तूप, साय, शेंगदाणे सगळं बंद. तेल द्यायचंच तर एमसीटी नावाचं वेगळ्या प्रकारचं तेल, कारण ते त्या नळीत न शिरता रक्तातून सरळ यकृताकडे जातं. ‘कधी थांबेल?’ असं मी विचारलं. उद्या-परवा म्हणून माझी समजूत काढता आली असती तुम्हाला. तुम्ही म्हणालात, ‘आठवडे लागू शकतात.’

आणि मला कामाला लावलंत. नळीतलं पाणी साठायचं त्या बाटलीवर चिकटपट्टी होती, दर पाळीला तुम्ही तिच्यावर पेनाने रेघ मारून वेळ लिहायचात. चार्ट तुमच्याकडे होताच, तरी मला वेगळी वही घालायला सांगितलीत : काय खाल्लं, लघवी किती, पाणी कुठल्या रेघेपर्यंत. तोवर मी नुसती पोथी घेऊन बसलेली असायचे. (पोथी सुटली नाही, पण वही आधी यायला लागली.)

एका सकाळी पाणी रेघेच्या बरंच वर गेलं. मी रडायलाच लागले. तुम्ही वही उघडून विचारलंत, ‘काल संध्याकाळी हिला कोणी काय दिलं?’ भेटायला आलेल्या आत्याने क्रीमचं बिस्कीट दिलं होतं. तुम्ही आत्याला बोल लावला नाहीत. पुडा उलटा करून फॅटचा आकडा कुठे छापलेला असतो ते आम्हा दोघींना दाखवलंत. आता आमच्याकडे किराणा दुकानातच पुडे उलटे होतात, दुकानदार वैतागतो.

पुढे ताप आला, पुन्हा सुया टोचल्या. ते सगळं तुम्हाला माहीत आहे.

घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या सांगितल्या. बाकीचं तुम्ही सांगितलंत. छातीचं हाड जुळेपर्यंत हिला बगलेत हात घालून उचलायचं नाही, एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली. सासूबाईंकडून ते तुम्ही उशीवर करून घेतलंत! दात किडू द्यायचे नाहीत, दाताच्या डॉक्टरला हृदयाचं आधी सांगायचं. आणि झडप थोडी गळतेय, मोठेपणी ती बदलावी लागू शकते, तेव्हा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चुकवायचा नाही. हे ऐकून मी तेव्हा तुमच्यावर चिडले होते. आज वाटतं, बरं झालं तुमच्याकडूनच कळलं.

पुढच्या महिन्यात इकोला येतोय. लेक तुपातले बेसनाचे लाडू घेऊन येणार आहे, आता तिला चालतात. तुमची रात्रपाळी असेल तर डबा वॉर्डात ठेवून जाऊ. मावशींना सांगून ठेवा, नाहीतर तुमच्यापर्यंत एकही पोचायचा नाही.

तुमची,
कोपऱ्यातल्या पलंगावरच्या वहीवाल्या पोरीची आई