ओम्या, तुझा ळ कुठे गेला

ओम्या,

फोनवर तू घाईघाईत कट करतोस आणि व्हॉट्सॲपवर लांब लिहिलं की नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून हे एकदाच नीट बसून लिहितेय, क्लिनिक बंद झालंय आणि आजी सिरीयलमध्ये गुंतलीये तेवढ्यात. पूर्ण वाच.

रविवारी मी विचारलं जेवलास का तर तू म्हणालास "दाल भात". मला वाटलं पुण्यात रूममेट्सबरोबर राहून हिंदी झाला पोरगा. मग म्हणालास "सगलं थीक आहे आई" आणि माझ्या पोटात गोळाच आला, ळ गेला, ठ गेला, म्हणजे जीभ टाळूकडे वळतच नाहीये. अठरा वर्षं डेंटल क्लिनिकमध्ये काढलीत रे मी, भूल दिलेले पेशंट अस्संच बोलतात. आधी वाटलं प्यायलायस, खोटं कशाला सांगू. मग तू फोटो पाठवलास, जीभ टोचून घेतलेली, मधोमध ती चकचकीत धातूची गोळी आणि जीभ ही एवढी सुजलेली, कडेला दातांचे ठसे उमटलेले. आणि वर म्हणतोस चार दिवस झाले.

भोकाचा राग आहेच, पण चार दिवस तू एकट्याने बर्फ चोखत बसलास आणि मला कॉलेजच्या सबमिशनच्या गप्पा मारत होतास, ते जास्त लागलं. आता लपवाछपवीबद्दल मी फार बोलू नये म्हणा. बारावीत मैत्रिणीबरोबर जाऊन कानाला वरच्या बाजूला दुसरं भोक पाडून आले होते, आठ दिवस केस मोकळे सोडून फिरले, पिकून कान टमाट्यासारखा झाला तेव्हा आईला कळलं. तिने आधी फटका दिला मग हळद-खोबरेल लावलं.

म्हणूनच तुला पण फोनवर तोंडात आलं ते सांगितलं, हळद लाव, मध लाव, कडक मिठाच्या गुळण्या कर. ते सगळं कॅन्सल. दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांना विचारलं तर ते हसायला लागले, म्हणाले ताई, सोनारानेच कान टोचावेत आणि जखमेचं पण त्यालाच विचारावं. तुझ्या पिअर्सिंगवाल्याने दिलेल्या कागदाचा फोटो त्यांना दाखवला, म्हणाले बरोबर लिहिलंय. तर कागदाप्रमाणेच कर, एक कप पाण्याला पाव चमचा मीठ, चहाचा चमचा, बस्स. जास्त घातलं तर जखम उलट कोरडी पडते आणि चुरचुरते. जेवल्यावर आणि झोपताना गुळणी, दिवसातून चार-पाच वेळा, दहा वेळा नको. माउथवॉश बिनअल्कोहोलचा. ब्रश नवीन घे, तुझा तो केस पिंजारलेला ब्रश मला माहितीये, फेकून दे.

पांढुरकं पिवळसर काहीतरी येतंय म्हणून तू घाबरलायस, ते पहिले काही दिवस येतंच, पू नाही तो. जिभेवर थर पण येतो. सूज तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त असते मग उतरायला लागते, म्हणजे तू फोटो पाठवलास तेव्हा बरोबर त्या टोकावर होतास. बर्फाचे छोटे तुकडे तोंडात धर, चावू नको. रात्री दोन उशा घे.

खायचं म्हणशील तर गार दहीभात, गार झालेली पेज, आईस्क्रीम खा बाबा मनसोक्त, एरवी मी ओरडते. चहा गार करून. मिसळ, तिखट, आंबट काही नको, बिअर आणि सिगरेट तर अजिबात नको (पीत नाहीस असं मी धरून चाललेय). भडंग मागितलंस ते पण नाही, त्याचे कण त्या गोळीखाली जाऊन बसतील. आणि एक सांगायला मला लाज वाटते पण कागदावर लिहिलंय म्हणून, भरेपर्यंत कुणाला किस वगैरे नाही. चला, लिहून झालं.

आता हे मात्र दोनदा वाच. जिभेखाली किंवा जबड्याखाली कडक सूज आली, जीभ वर ढकलल्यासारखी वाटली, थुंकी गिळता येईना, थंडी वाजून ताप आला किंवा श्वासाला जरा जरी त्रास वाटला तर मला फोन करत बसू नको, रिक्षा करून सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, रात्रीचे तीन वाजले असले तरी. तोंडाच्या तळातलं इन्फेक्शन मानेत उतरलं की श्वासनलिका बंद पडू शकते, थांबायला वेळ नसतो. आणि घाबरून जिभेतली ती गोळीची दांडी स्वतः काढू नको, भोक पटकन मिटतं आणि घाण आतच राहते, काढायची का ते डॉक्टर ठरवतील.

सुई नवीन, पाकीट तुझ्यासमोर फोडलं, आधी जीभ उचलून खालच्या शिरा बघून पेनने खूण केली, दांडी टायटॅनियमची, एवढं तरी तू बघून घेतलंस, त्याबद्दल मनात शंभर मार्क दिले, तुला सांगणार नव्हते. ती दांडी लांब का आहे ते कळलं ना, सुजेला जागा पाहिजे म्हणून. पण सूज उतरली की दोन ते चार आठवड्यांत परत जाऊन आखूड बसवून घ्यायची आहे. तू "नंतर जाईन" म्हणणार आणि जाणार नाहीस, मी ओळखते. आमच्याकडे एक मुलगी आली होती, तुझ्याच वयाची, तीन-चार वर्षं तीच लांब दांडी घालून होती, खालच्या पुढच्या दातांच्या मागची हिरडी पार खाली गेलेली, आणि एका दाढेचा टवका उडालेला. हिरडी परत वर येत नाही ओम्या. आणि ती गोळी दातांवर टकटक वाजवायची सवय लावून घेऊ नको, तुला लहानपणापासून पेनचं टोपण चावायची सवय, म्हणून भीती वाटते.

बाबांचं सांगते. पहिले दोन दिवस बोललेच नाहीत. मग तू त्यांना तो माया लोकांच्या राणीचा फोटो पाठवलास, दगडात कोरलेली, इसवी सन ७०९ मध्ये जिभेतून काट्यांची दोरी ओढतेय ती, ब्रिटिश म्युझियममधली. बाबांनी चष्मा लावून पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, ती राणी होती, हा एटीकेटी घेऊन बसलाय. मी म्हटलं अहो तमिळनाडूत मुरुगनचे भक्त नवसाने जिभेतून छोटा भाला घालतात, तर म्हणे याने कसला नवस बोलला होता, गणिताचा एम-थ्री सुटावा म्हणून? पण हसले. खरं त्यांना वाईट वाटलंय ते रक्तदानाचं, गणपतीतल्या शिबिरात यंदा तुला बरोबर न्यायचं ठरवलं होतं आणि टोचल्यावर वर्षभर रक्त घेत नाहीत.

आजीला मी सांगितलंय की तुझं तोंड आलंय. त्यामुळे ती रोज जाईची पानं तोडून ठेवतेय, चघळायला, कुरियरने पाठव म्हणून माझ्या मागे लागलीये. तिचा फोन आला तर तोंड आलंय असंच सांग आणि पानं मिळाली म्हण.

आता माझी एकच अट. रोज रात्री झोपायच्या आधी व्हॉइस नोट पाठवायची, "काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले", एकदा, हळू. फोटो मला नको, बघवत नाहीत. सूज किती उतरली ते मला ऐकूनच कळतं. काल "काले लाले" होतं, आज सकाळी पहिला काळे बऱ्यापैकी आला, पुढचे सगळे राळे गेले. मी तीनदा ऐकलं, बाबांनी पण ऐकलं, दाराआडून.

शनिवारी गौरवचे बाबा पुण्याला येतायत, त्यांच्याबरोबर नवीन ब्रश, तुपाची बरणी आणि दोन जास्तीचे उशीचे अभ्रे देतेय. भडंग सगळे राळे नीट आले की.

आई