चिठ्ठ्या निवडणाऱ्या काकूंना

ती. काकू,
सा. न. वि. वि.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या मंडळात १८५७ वर बोलायला मी होकार दिला, तेव्हा धास्ती व्याख्यानाची नव्हती, नंतरच्या प्रश्नोत्तरांची होती. ग्वाल्हेरात राणी लक्ष्मीबाई आणि इथले राजे शिंदे ही नावं एका वाक्यात आली की सभागृहात दोन तट पडतात, हे मी तुम्हाला काय सांगावं! त्या दिवशी टाळ्या मला मिळाल्या आणि काम तुम्ही केलंत, म्हणून हे जाहीर पत्र.

पहिल्या रांगेच्या कडेला, मांडीवर चष्म्याचं घर आणि हातात शिसपेन्सिल घेऊन तुम्ही श्रोत्यांच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या वाचत होतात. "वक्त्यांनी आधी आपली जात सांगावी" ही चिठ्ठी सरळ पर्समध्ये गेली. (मला ती आजतागायत दाखवली नाहीत, शेजारच्यांनी सांगितलं.) राणी जिंकली असती तर आज देश कसा असता, हे कोण सांगणार? ती बाजूला. गंगाजळीचं, म्हणजे शिंद्यांच्या गुप्त खजिन्याचं, सोनं किल्ल्यात अजून किती उरलंय, तीही बाजूला, जरा हसून. पण "राणीला वीरमरण १७ जूनला आलं की १८ ला?" ही मात्र ठेवलीत. पक्कं उत्तर तिलाही नाही, पुस्तकांत दोन्ही तारखा सापडतात. पण कोण कशाच्या आधारावर कोणती तारीख देतो, एवढं तरी सांगता येतं. हा फरक भल्याभल्या सूत्रसंचालकांना उमगत नाही. अवघड दिसलं की ते चिठ्ठी गाळतात आणि "या विषयाकडे आपण कसे वळलात?" विचारून मोकळे होतात.

आणि ती औषधाच्या बिलामागची चिठ्ठी! "शिंद्यांनी गद्दारी केली, कबूल करा." खाली दोन रेघा. मी असतो तर फाडली असती. तुम्ही उठून मागच्या रांगेत गेलात. "भाऊसाहेब, यात निकालच लावलाय तुम्ही. प्रश्न कुठाय?" ते म्हणाले, "अहो, सबको पता है!" तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसलात आणि पेन्सिल त्यांच्याच हातात दिलीत. थोड्या वेळानं माझ्यासमोर त्याच अक्षरात प्रश्न आला: "१ जून १८५८ ला मोरारजवळ जयाजीरावांच्या फौजेनं काय केलं?"

त्या संध्याकाळचा तोच सर्वांत चांगला प्रश्न. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची ग्वाल्हेरची फौज, म्हणजे कंटिंजंट, तर १४ जून १८५७ लाच मोरारच्या छावणीत उठली होती. वर्षभरानं खुद्द महाराज जयाजीराव शिंद्यांची बरीचशी फौज राणी, तात्या टोपे आणि पेशव्यांच्या घरातल्या रावसाहेबांकडे वळली आणि महाराजांना इंग्रजांकडे आग्रा गाठावं लागलं. राजा एकीकडे, शिपाई दुसरीकडे. मग 'शिंदे' म्हणायचं कुणाला? दोन्ही तटांना हे थोडं थोडं टोचलं असणार, पण कुणी उठून गेलं नाही. भाऊसाहेब तर वही काढून लिहून घेत होते.

न घेतलेल्या चिठ्ठ्याही तुम्ही ज्याच्या त्याला, कोपऱ्यात कारण लिहून परत केल्यात. पणजोबांचा दरबारातला पगार विचारणाऱ्या मुलीला "चहाच्या वेळी यांना गाठ" असं लिहिलंत. तिनं गाठलं. घरी मोडी कागद आहेत म्हणाली, बघायला जाणार आहे.

आता तात्या टोप्यांवर बोलायचा आग्रह चाललाय. तुमच्या सोयीची तारीख कळवा, मगच मंडळाला हो म्हणतो.

कळावे, लोभ असावा.
आपला,
त्या दिवशीचा वक्ता