मास्तरांना एकच ओळ?

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीत फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूच्या 'द फर्स्ट मॅन' या कादंबरीवरचा लेख वाचला. लेखकमहाशयांनी निम्मा लेख अस्तित्ववाद या तत्त्वज्ञानावर खर्च केला आहे. कादंबरीत आहे ते अल्जीरियातल्या अल्जीयर्स शहरातले एक गरीब घर. अक्षरओळख नसलेली, कानाने कमी ऐकणारी आई, चाबूक उगारणारी आजी आणि पोर वर्षाचे व्हायच्या आत १९१४ च्या लढाईत गेलेला बाप. त्याच्या डोक्यातून काढलेला तोफगोळ्याचा तुकडा आईने बिस्किटांच्या डब्यात जपला आहे. पण माणूस कसा होता, हे पोराला कोणी सांगत नाही. मुद्दाम लपवतात असे नाही. राबून दमलेल्या घरात आठवणी काढायला सवड कुणाला? पोर खरे एकटे पडते ते इथे.

मी लांजा तालुक्यात मास्तर होतो, जोडीला गावचे शाखा पोस्टही माझ्याकडेच. घरोघरचे बाप मुंबईला गिरणीत. मनीऑर्डरखालच्या चिठोऱ्यावर दोन ओळी यायच्या: 'पैसे पोचल्याचे कळवणे. रजा मिळाली तर गणपतीला येतो.' आई अंगठा उठवायची, वाचायचे काम पोराचे. चौथीतला एक मुलगा वाचून झाले की चिठोरे उलटे करून मागची बाजू बघायचा. काम्यूचा नायकही मूकपटाच्या पाट्या आजीला मोठ्याने वाचून दाखवतो आणि आजूबाजूचे प्रेक्षक वैतागतात, ते वाचताना हा मुलगा आठवला. १९८२ च्या संपानंतर त्याचे वडील कायमचे गावी आले. पोरगा त्यांच्यासमोर पाव्हण्यासमोर बसावा तसा अंग चोरून बसे. काय बोलावे, हे दोघांनाही सुचत नसे.

या कादंबरीत आजीचे मन वळवून पोराला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवणारे एक मास्तर आहेत. ते खरोखरचे, काम्यूचे शाळेतले मास्तर लुई जेर्में. १९५७ साली नोबेल जाहीर झाल्यावर आईच्या पाठोपाठ आपल्याला तुमचीच आठवण झाली, असे काम्यूने त्यांना पत्राने कळवले होते. आपल्या लेखात त्यांच्या वाट्याला जेमतेम एक ओळ! मी मास्तर, म्हणून मला ते जास्त झोंबले असेल. पण अस्तित्ववादाचे दोन परिच्छेद कमी केले असते, तर जेर्में मास्तरांची नीट ओळख त्याच जागेत बसली असती.

— एक निवृत्त शिक्षक, लांजा (जि. रत्नागिरी)