आयपीसवाल्या काकांना, मनापासून

काका, सप्रेम नमस्कार.

माझ्या लेकीच्या साध्या, 70 मिलिमीटरच्या दुर्बिणीसाठी तुम्ही दांडिया बाजारात आमच्या अगाशीवर आलात, स्वतःचे आयपीस, म्हणजे दुर्बिणीला मागून लावायची, डोळ्याजवळची भिंगं, घेऊन. त्याचे आभार जाहीरपणे मानावेसे वाटले. वडोदऱ्यात मुलांना अशी दुर्बीण घेऊन देणाऱ्या इतर आईबाबांनाही तुमचं सांगणं कळायला हवं.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘525 पट मोठं दिसेल’ असं छापलं होतं. तुम्ही लेकीकडूनच भागाकार करून घेतलात. दुर्बिणीची फोकल लेंथ (भिंगापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर) 700 मिलिमीटर, आयपीसची 4, म्हणजे 175 पट. त्यावर तीनपटीची बार्लो, म्हणजे पट वाढवणारं जोडभिंग, झाले 525. मग म्हणालात, दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट पटींपर्यंतच चित्र टिकतं. आमच्यासाठी 140. त्यापुढे गुरू मोठा दिसतो, पण अंधारा आणि धूसर. उन्हाळ्यात तापलेल्या गच्च्यांवरून गरम हवा वर चढत असताना तर 100 सुद्धा पुष्कळ.

पण मला सर्वांत मोलाची वाटली ती चष्म्याची गोष्ट. तुम्ही आल्या आल्या तेच विचारलंत: नंबर कसला आहे? नुसता मायनस असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला की भागतं; सिलिंडरचा, म्हणजे डोळ्याच्या असमान गोलाईचा, नंबर मात्र फोकसने जात नाही. आणि तिला सिलिंडरच आहे. सोबत आलेल्या 4 मिलिमीटरच्या आयपीसला डोळा इतका जवळ न्यावा लागतो की पापण्या काचेला लागतात, चष्मा कुठला मावायला! तुमच्या 32 मिलिमीटरच्या प्लॉसल जातीच्या आयपीसमधून मात्र चष्म्यासकट तिला अख्ख्या कृत्तिका एकदम दिसल्या. जेमतेम 22 पट, पण आभाळाचा सव्वादोन अंशांचा तुकडा, म्हणजे चार पूर्णचंद्र ओळीने मावतील एवढा. केवढ्याने ओरडली ती!

10 मिलिमीटरचा लावल्यावर तुम्ही तिला चष्मा काढायला लावलात. 70 पटींना आयपीसमधून निघणारा प्रकाशाचा झोत 1 मिलिमीटरचाच असतो, बाहुलीचा मधला एवढासा भाग वापरला जातो, म्हणून सिलिंडरचा दोष फारसा जाणवत नाही. गुरूचे दोन पट्टे तिने चष्म्याशिवाय पाहिले. हे कुठल्याही दुकानात आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

प्लॉसल म्हणजे कोण, या तिच्या प्रश्नालाही तुम्ही मनापासून उत्तर दिलंत: व्हिएन्नाचे भिंगं बनवणारे, 1860 मधली चार भिंगांची रचना. फोकसरचं (आयपीस बसतो त्या नळीचं) तोंड सव्वा इंची आहे ना, हेही मोजून पाहिलंत. आणि आयपीसची पूर्ण पेटी घ्यायला निघालेल्या आमच्या ह्यांना थांबवलंत. सध्या 32 आणि 10, बस.

ते दोन्ही आता घरी आले आहेत. तुम्ही तिच्यापाशी ठेवून गेलेला तुमचा 32 द्यायला आम्ही रविवारी येतो. मृगातला तेजोमेघ कोणत्या आयपीसने आधी पाहायचा, हे तिला तुमच्याकडूनच ऐकायचं आहे.

तुमची कृतज्ञ,
दुर्बीणवालीची आई