मामा, तुमच्या त्या एका फोनसाठी

तीर्थस्वरूप मामांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

विट्याला परत आल्यावर मायणीला येऊन पाया पडलो, पण मनातलं बोलणं राहूनच गेलं. ते इथं चारचौघांत लिहितोय.

मी कामाला होतो ते अमेरिकेच्या अलास्कातलं कोल्ड बे म्हणजे शंभरच्या आतली वस्ती. झाड औषधाला नाही आणि वारा थांबत नाही. शेजारी इझेम्बेकची खाडी. तिच्या उथळ पाण्यात ईलग्रास नावाचं गवत पसरलंय, आणि शरदात पॅसिफिक ब्रँट जातीचे जवळजवळ सगळे हंस तिथं चरायला उतरतात. माझा एक सहकारी परवाना काढून शिकार करायचा. बंदूक त्याची, मी फक्त सोबतीला. अंधारात ओल्या गवतात दबा धरून बसायचं, बोटं बधिर होईपर्यंत.

एका पहाटे लांबून थवा आला. बारीक मान, मागं टोकदार शेपूट. तोंडातून निघालंच, "तलवार बदक!" मायणीच्या तळ्यावर तुम्ही मला शिकवलेलं, आधी शेपूट बघ, मग नाव घे. तिथं ही सवय फार मोलाची. स्टेलर्स आयडर नावाचं समुद्री बदक मारायला बंदी आहे, आणि ओळख पटल्याशिवाय घोडा ओढायचा नाही. छर्रेसुद्धा शिशाचे चालत नाहीत. चिखलात पडलेलं शिसं खडे समजून बदकं गिळतात आणि विषानं मरतात, म्हणून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीला 1991 पासून ते पूर्ण बंद. हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल.

पण खरे आभार त्या फोनचे. सहकाऱ्यानं दिलेलं समुद्री बदक मी कुकरला लावलं. शिट्ट्या झाल्या आणि खोलीभर उग्र वास सुटला. मांस वातड, घास गिळवेना. जीव घेतलेलं पाखरू टाकून द्यावं लागलं, याचं फार वाईट वाटलं. तुम्हाला फोन केला. वन्यजीव संरक्षणाचा 1972 चा कायदा यायच्या आधी, पोरवयात तुम्ही बदक खाल्लेलं. तुमचा पहिला प्रश्न, "त्यानं काय खाल्लं होतं?" मी म्हटलं, शिंपले. "मग कातडं काढ, चरबीचा कण ठेवू नको, वास तिथंच असतो. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेव. आणि कुकरला हात लावू नको."

पुढचं तसंच केलं. छातीचं मांस कोंबडीसारखं पांढरं नव्हतं, लांब उडणाऱ्या पाखराचं म्हणून गडद लाल. तापल्या तव्यावर थोडं तेल, मीठ, चिमूटभर आईचा कांदा-लसूण मसाला, आणि आत लाली असतानाच उतरवलं. चव कलेजी आणि मटण यांच्या मधली. गवतावर पोसलेला ब्रँट तर त्याहून सरस, वासाचा मागमूस नाही. सहकाऱ्यानं मसाल्याची पुडीच मागून घेतली.

थंडीत तळ्यावर चक्रवाक उतरले की निरोप धाडा. दुर्बीण घेऊन येतो. तुम्ही नावं सांगायची.

तुमचा भाचा,
विटा