अतिवृष्टीनंतर युरियाची घाई नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अतिवृष्टीच्या पंचनाम्यात पीक मोजलं जातं, खरडून गेलेली जमीन मोजली जाते. त्या जमिनीतून हवेत उडून गेलेलं खताचं नत्र (नायट्रोजन) मात्र कुठल्याच रकान्यात येत नाही.

देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट २०२३ मध्ये गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये बीड, धाराशिव, लातूर, नांदेडची शेतं पाण्याखाली गेली. ही दोन्ही टोकं मराठवाड्याच्या भारी काळ्या जमिनीला बाधतात. उघडीप लांबली की रान भेगाळतं, पीक नत्र उचलत नाही, दिलेल्या खतातलं नत्र नायट्रेट या रूपात मातीतच साचतं. मग पाऊस कोसळतो, मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि हवा संपते. अशा वेळी काही जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरून जगतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड सुटतो. तो दिसत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरून ठेवतो. ओझोनचा थरही विरळ करतो.

पूर्ण बुडालेल्या मातीतलं बरंचसं नत्र साध्या, निरुपद्रवी नायट्रोजन वायूच्या रूपाने निघून जातं. खरा धोका पाणी ओसरल्यावर, माती अजून चिंब असताना. आणि नेमकं तेव्हाच आपण युरिया फेकतो! कापूस चार दिवस पाण्यात राहिला की पिवळा पडतो. शेजारी, दुकानदार, व्हॉट्सॲपचा ग्रुप, सगळे म्हणतात, एकरी एक गोणी टाका. टाकण्याआधी खुरप्याने बुडाशी उकरून पाहा. माती लगद्यासारखी, कुजका वास, पांढरी असायची ती मुळं तपकिरी झालेली. मुळांचाच श्वास कोंडला असेल तर ती खत काय उचलणार?

४५ किलोच्या गोणीत साधारण २१ किलो नत्र असतं. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या (आयपीसीसी) सरासरीप्रमाणे त्यातलं एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन जातं. म्हणजे गोणीमागे सुमारे ९० किलो कार्बन डायऑक्साइडइतका ताप. २०१९ च्या सुधारणेत याच समितीने ओल्या हवामानासाठी १.६ टक्के आणि कोरड्यासाठी ०.५ टक्के धरले आहेत. एकाच हंगामात दोन्ही भोगणाऱ्या आमच्या रानाला कोणता आकडा लावायचा?

विद्यापीठांच्या सल्ल्यात ‘वापसा आल्यावर खत द्यावे’ असं वाक्य असतं (वापसा म्हणजे जादा पाणी निथळून मातीत पुरेशी ओल आणि हवा दोन्ही असणं), पण ते शेवटी, एका ओळीत. माझी विनंती आहे की अतिवृष्टीनंतर कृषी विभागाने पहिला निरोप चर काढून पाणी बाहेर घालण्याचा द्यावा आणि युरियाचा निरोप वापसा आल्यावरच, तोही विभागून. पेरणीच्या वेळी रुंद वरंबा सरी यंत्र (उंच रुंद वाफे आणि मध्ये पाणी निघायला सऱ्या पाडणारं) गावात मिळालं तर पाणी साचणंच कमी होईल.

दुसरी मागणी परभणी, राहुरी, अकोल्याच्या कृषी विद्यापीठांकडे. मातीवर झाकणबंद पेटी ठेवून सिरिंजने वायूचा नमुना घेण्याची पद्धत जुनीच आहे. पण आठवड्यातून एकदा नमुना घेतला आणि वायूचा लोंढा मधल्या दोन दिवसांत येऊन गेला, तर तो हाती लागत नाही. मोठ्या पावसानंतर रोज नमुने घ्यावेत, शेतकऱ्यांच्या रानातही घ्यावेत आणि आलेले आकडे मराठीत, तालुक्यानुसार जाहीर करावेत.

– एक कापूस उत्पादक, जि. बीड