शेगडीच्या भोकांबद्दल काकांना आभारपत्र

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही डब्यांपासून करून दिलेली, लाकडावर चालणारी शेगडी आता प्रत्येक ट्रेकला पिशवीत असतेच. समोर आभार मानले की तुम्ही कातर उचलून पुढच्या कामाला लागता, म्हणून हे उघडं पत्र. मापंही त्यातच लिहितो. दुसऱ्या कुणी करायला घेतली, तर पत्रा वाया जायला नको.

पहिले आभार दोन नकारांचे. जस्ताचा पत्रा तुम्ही हातातच धरला नाही. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, जाळात त्याचा पांढरा धूर होतो आणि तो छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. दुसरा नकार सांधे जोडायच्या डाखाला. शिसं-कथलाचा डाख १८३ अंशांलाच मऊ पडायला लागतो, म्हणजे पहिल्या चहालाच सांधा सुटणार. त्यामुळे दोन्ही डबे स्वयंपाकघरातले, स्टीलचे: बाहेरचा १३ सेंमी व्यासाचा आणि १६ सेंमी उंच, आतला १० सेंमी व्यासाचा आणि १२ उंच. भोवती दीड सेंटिमीटर मोकळी जागा राहते.

बाहेरचा डबा उपडा घालायचा. त्याचं झाकण खाली येतं आणि राख त्यात पडते. वर आलेल्या बुडाला आतल्या डब्याएवढं, म्हणजे १० सेंमीचं भोक पाडावं असं कुणालाही वाटेल. तुम्ही ९ सेंमीचंच पाडलंत, कडेला दर सेंटिमीटरवर अर्धा सेंमी खोल चीर दिलीत आणि त्या पाकळ्या आत वळवल्यात. आतला डबा त्यांत घट्ट बसतो, त्याची वळलेली कड वर अडकते आणि फट राहत नाही. ही फट राहिली, तर दोन डब्यांमधली तापलेली हवा तिथूनच निसटते आणि वरच्या भोकांपर्यंत पोचतच नाही.

आता भोकं. सगळी शेगडी तिथेच आहे. आतल्या डब्याच्या बुडाला ६ मिमीची १९, कडेपासून दीड सेंमी खाली गोल रांगेत ६ मिमीचीच २४. बुडातली हवा लाकूड तापवून त्यातला धूर काढते, वरच्या रांगेतली गरम हवा तो धूर जाळते. ही युक्ती अमेरिकेत टॉम रीड यांनी १९८५ च्या सुमारास मांडली. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेची ‘संपदा’ शेगडीही याच तत्त्वावरची. मी आणलेल्या कागदावरच्या आकृतीत बाहेरच्या डब्याला मात्र ६ मिमीचीच वीस भोकं होती. तुम्ही ती बघून एवढंच विचारलंत, “दोन तोंडांना खायला एवढंच?” हिशेब केला तेव्हा पटलं. आतल्या भोकांचं क्षेत्रफळ सव्वाबारा चौ. सेंमी आणि बाहेरून येणाऱ्या वाटेचं पावणेसहा. शेगडी धुमसत राहिली असती आणि दोष ओल्या लाकडाला गेला असता. तुम्ही १२ मिमीची १४ पाडलीत, जवळपास १६ चौ. सेंमी. झाकणाची कड दीड सेंमी वर येते, म्हणून भोकांचा मध्य तोंडापासून अडीच सेंमीवर.

पातळ पत्र्यात ड्रिल घातलं की भोक तिकोनी होतं आणि डबा आत दबतो. डब्यात मापाचा लाकडी ओंडका ठोकून, आधी पोगरानं, म्हणजे ठोकायच्या टोकदार हत्यारानं, खूण करून, मग भोक पाडायचं, हे तुमच्याकडे पाहून कळलं. कुसळं कानशीनं काढायची, नाहीतर साफ करताना बोट कापतं.

पातेलं कडेवर टेकवलं की ज्वाळा गुदमरते आणि बुडाला काजळी धरते. तीन पायांचं कडं ठेवून तीन सेंमी अंतर सोडायचं. तुम्ही त्याला पोलादी रिवेट मारलेत. अ‍ॅल्युमिनियमचे टिकले नसते.

पेटवण्याबद्दल तुमच्याशी बोलणं राहिलं होतं. अंगठ्याएवढ्या जाड, वाळक्या काटक्या उभ्या भरायच्या, वरच्या भोकांच्या दीड सेंमी खालपर्यंतच. साधारण पाव किलो मावतात. आग वरून लावायची, खालून नाही. दोनतीन मिनिटांत वरच्या रांगेतल्या प्रत्येक भोकातून ज्योत आत झेपावते आणि धूर जवळजवळ थांबतो. वारा नसेल, तर लिटरभर पाण्याला दहा मिनिटांच्या आसपास उकळी येते. मध्येच नवं लाकूड वरून कोंबलं की पुन्हा धूर. बिब्बा आणि कण्हेर यांच्या काटक्या चुकूनही घालू नयेत, त्यांचा धूर बाधतो. शेवटी कोळसे उरतात. ते निखारे विझेपर्यंत शेगडी तंबूत न्यायची नाही, धूर दिसत नसला तरी विषारी वायू येतच असतो. आणि राखीव जंगलात ती पिशवीतच राहते. वन अधिकाऱ्यानं जाहीर केलेला काळ सोडला, तर तिथे जाळ करायला १९२७ च्या वन कायद्यानं बंदी आहे.

एकच तक्रार: बाहेरचा डबा हात लावता येणार नाही इतका तापतो. वर एक तारेची कडी हवी. शनिवारी आणखी तीन जोड डबे घेऊन येतो, कडीसकट करा. पाकळ्या मात्र तुम्हीच कापा, पोराला देऊ नका.

आपले,
शेगडी वापरणारे